पितळी कडी

रानडुकरानं थोरल्या भावाची मांडी फाडली, पार हाड दिसलं. आमच्या कुत्र्यानं डुकराचा कान धरून लोंबकळत त्याला मागं ओढलं, म्हणून दादा जगला. मी जातीचाच तापट. त्याच्या उशाशी बसून म्हटलं, त्या डुकराचा मुडदा पाडल्याबिगर गप बसणार न्हाय.

परवान्याची रायफल घरात होती, महिनाभर खटपट करून लांबचं दिसायला दुर्बीणही मिळवली. ती रायफलीवर बसवायची कडी घ्यायला मी तामलवाडीहून मुरुमला उस्तादांकडं गेलो. ते निजामाच्या फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. त्यांनी दोन कड्या पुढं ठेवल्या, एक पोलादी, एक पितळी.

"पोलादी घ्या. बसवायला आठ दिवस लागतील, पण हलायची न्हाय. पितळ नरम असतंय, दणक्यानं सरकंल."

"आठ दिवस? डुक्कर काय माझी वाट बघत बसंल व्हय, उस्ताद? पितळीच बसवा, आत्ता!"

त्यांनी कडी बसवली आणि कडीवरून रायफलीपर्यंत खिळ्यानं एक सरळ रेघ ओढली. "हर गोळीनंतर ही बघा. रेघ तुटली म्हंजी कडी सरकली, नेम चुकणार. मग हात थांबवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी डुक्कर तुरीतून बाहेर आलं. दादा काठी टेकत बांधावर आला होता, कुत्रं त्याच्याजवळ. मी दोनशे पावलांवर पालथा पडून गोळी झाडली. डुकराच्या मागं नुसती माती उडाली. ते माळाकडं पळालं तसं कुत्रं धावलं, आणि त्यानं पुन्हा तोच कान धरला.

"थांब रे! मारू नगंस!" दादा ओरडला.

ऐकू आलं मला, चांगलं ऐकू आलं. पण नेम चुकल्याचा असा संताप चढला होता की रेघ बघितलीच नाही. शिवी हासडली आणि दुसरी गोळी झाडली.

कुत्र्याचं नरडं फुटलं. डुकरानं त्याला झटकून टाकलं आणि ते निघून गेलं. मी खाली बघितलं, रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी सरकली होती.

दादानं बांधाशी स्वतः खड्डा खणला. मांडीची जखम उलली, धोतर रक्तानं भिजलं, तरी थांबेना. मी खोरं घ्यायला पुढं झालो.

"हात लावू नगंस," तो म्हणाला. "मला ह्यानं वाचवलं हुतं. तू न्हाय."