बुधवारचा डबा

आमच्या कंपनीच्या मालकीण मॅडमना समानतेवर बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मागच्या रांगेत बसून मी जांभया देत होते. साकीनाक्याच्या हेड ऑफिसात सगळ्या दुकानांतल्या बायकांना बोलावलं होतं. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच पगार, आपल्या कंपनीत कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही, वगैरे. मी शेजारणीला कोपराने ढोसलं. "बोलायला काय जातं गं? बोलाचीच कढी, बोलाचाच भात." माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडण्याआधी तिथेही भाषणं भरपूर झाली होती, त्यामुळे भाषणाने भारावण्याची सवय आमच्या घरात कोणालाच उरली नव्हती.

पगाराचं मात्र मॅडमनी खरं करून दाखवलं, ते मान्य करायला हवं. पण माझा स्वभाव असा, की दिलेलं दिसतं त्याच्याआधी राहिलेलं दिसतं.

मी मुलुंडच्या दुकानात फ्लोअर सांभाळायचे. साड्या, कुर्ते, मुलांचे कपडे. वरच्या मजल्यावर जेवायची खोली होती आणि तिथे मच्छी-मटण न्यायचं नाही, असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच बहुतेक कोणी मोडत नव्हतं. डब्यात मासे किंवा अंडं असेल, तर मागच्या जिन्यात, मालाच्या लिफ्टपाशी बसायचं. मॅनेजर तसा भला माणूस. त्याने आमच्यासाठी तिथे पंखासुद्धा लावून दिला होता. आम्ही कोकणातल्या बायका बुधवार-शुक्रवार खोक्यांवर बसून मजेत जेवायचो. लोकांना वास येतो, त्यात भांडायचं काय, असं माझं तेव्हाचं मत होतं.

मग मानखुर्दहून एक मुलगी कामाला लागली. बौद्ध कुटुंबातली, मूळची जालन्याकडची. बोलायला तिखट आणि कामाला त्याहून तिखट. घरात पगार आणणारी ती एकटीच. पहिल्याच आठवड्यात ती सुकटीचा डबा घेऊन वरच्या खोलीत बसली. मॅनेजरने अगदी गोड आवाजात तिला जिना दाखवला. ती डबा बंद करून उठली आणि तशीच काउंटरवर येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तर डब्यात भाजी असली तरी ती वर जाईना. जेवणच सोडलं म्हणा ना.

मी तिला जिन्यात बोलावलं. म्हटलं, "ये गं, इथे पंखा आहे."

"पंख्याचं काही नाही ताई," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. तिथे सावली होती म्हणे चांगली. मी जिन्यात नाही जेवणार. महिना भरला की सोडते नोकरी."

माझा घास तोंडातच राहिला. इतकी वर्षं मी त्या जिन्यात बसत होते आणि मला तो नुसता जिना वाटत होता. ही पोर हातातली नोकरी सोडायला निघाली होती, उपाशी उभी राहत होती, आणि मी तिला पंख्याचं कौतुक सांगत होते.

मला राग यायला वेळ लागतो, पण आला की तो माझं ऐकत नाही. मॅडम दर थोड्या दिवसांनी एकेका दुकानात येऊन बिलिंगवर उभ्या राहायच्या. त्या मुलुंडला आल्या, तशी मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तुमची समानता आमच्या मागच्या जिन्यात बसते. बघायचीय?"

मॅडम बिलिंग सोडून माझ्यामागून आल्या. त्यांनी खोकी पाहिली, पंखा पाहिला. मॅनेजर धावत आला आणि वासाचं सांगू लागला.

"वास मलाही सहन होत नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही. मच्छी बाजारावरून गाडी गेली तरी मला मळमळतं. म्हणून काय बाजार उठवायला सांगू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी मी इथे जेवणार. सगळ्यांनी वर यायचं. जिना बंद."

आता खरी गंमत पुढे आहे. ज्याला जे चालत नाही ते त्याच्या पानासमोर आणायचं नाही, हे आम्हाला आयांनी शिकवलेलं. बाई आपल्यासाठी एवढं करतेय, तर तिला त्रास कशाला द्यायचा? मी सगळ्यांना बजावलं, बुधवारी कोणी मासे आणायचे नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मानखुर्दच्या मुलीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "बरं ताई" एवढंच म्हणाली.

बुधवारी आम्ही सगळ्या वर, एका लांब टेबलाभोवती. एकेक डबा उघडला. बटाटा, मटकी, भेंडी, पुन्हा बटाटा. मॅडमनी सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली.

"आज बुधवार ना? मालवणच्या बायकांच्या डब्यात बटाटा?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून मॅडम. मीच सांगितलं सगळ्यांना," मी म्हटलं. शाबासकीची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू?

मॅडमनी आपल्या डब्याचं झाकण परत लावलं. "म्हणजे आधी मॅनेजरसाठी लपवत होता, आता माझ्यासाठी. मग मी केलं काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझे कान गरम झाले. "पुढच्या बुधवारी परत येते. रोज घरून जे आणता तेच आणायचं."

ती मुलगी खाली मान घालून पिठलं-भाकरी खात राहिली. असंच होणार हे तिला आधीपासून माहीत असावं. तिचा महिना भरत आला होता.

पुढच्या बुधवारी मी बांगड्याचं तिखलं नेलं खरं, पण झाकणाला हात लावायची हिंमत होईना. माझीच काय, कोणाचीच होईना. शेवटी त्या मुलीने आपला डबा उघडला. लसूण घालून परतलेली सुकट. वास क्षणात खोलीभर झाला. मॅडम नेमक्या तिच्यासमोर बसलेल्या. त्यांचा चेहरा उतरला, ओठावर घाम आला, आणि त्या उठून लगबगीने बाजूच्या बेसिनकडे गेल्या. आम्हाला सगळं ऐकू आलं. कोणी कोणाकडे बघेना. मुलीने हळूच डब्यावर झाकण ठेवलं.

मॅडम परत आल्या. तोंड ओलं, डोळे लाल. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या केबिनमध्ये बसता का?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या, हात पुढे करून मुलीच्या डब्यावरचं झाकण काढलं आणि स्वतःच्या बाजूला ठेवून दिलं.

"जेव. मला सवय व्हायला वेळ लागेल. तोवर तू उपाशी राहणार का?"

आणि आपला दहीभात खायला लागल्या. एकेक घास कष्टाने गिळत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी थक्क होऊन बघत राहिले. मासे खाणारीने दुसरीला मासे खाऊ दिले, तर त्यात मोठेपणा तो काय? ह्या बाईचं सगळं शरीर नको म्हणत होतं आणि ती त्याचं ऐकायला तयार नव्हती. मला त्या क्षणी उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी आयुष्यात कोणत्याही साहेबाच्या पाया पडलेले नाही.

मॅडमना मधेच ठसका लागला. मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि लगेच तिचा हात थबकला, कारण ती तिची उष्टी बाटली होती. मॅडमनी ती उचलली, तोंड लावून घटाघटा प्यायल्या आणि परत तिच्यासमोर ठेवली. मुलगी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना मी तिला भीतभीतच विचारलं, "महिना भरला ना गं तुझा?"

"भरला की," ती म्हणाली. "उद्या अंडी आणतेय. तुम्ही भाकरी जास्त आणा."