चष्मेवाल्यांची रेघ

चष्मेवाल्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं माणूस गावात बहुधा एकही उरलं नव्हतं. बँकेतसुद्धा त्यांचा नंबर आला की आतून "चष्मेवाले, या" असंच ऐकू यायचं. दुकान बाजाराच्या तोंडाशी, तीन पावलं रुंद आणि बारा पावलं लांब. दोन्ही भिंतींना फ्रेमांची कपाटं आणि अगदी मागे अक्षरांची दिव्याची पेटी, वरचं अक्षर ताटलीएवढं आणि खालची मुंगीएवढी. सोमवार ते शनिवार हे गृहस्थ लोकांचे डोळे तपासायचे. रविवारी मात्र ते तलावावरच्या सेलिंग क्लबचे रेस ऑफिसर असायचे, आणि त्या दिवशी त्यांची मान नेहमीपेक्षा जरा जास्तच ताठ असायची.

आता रेस ऑफिसर म्हणजे फार काही मोठं प्रकरण नाही. धक्क्यावर एक खांब, पाण्यावर तरंगणारा एक नारिंगी बोया, आणि या दोघांमधली रेघ, जी कुणाला दिसत नाही. शिडाच्या होड्या काही रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या रेघेवर येऊन थांबत नाहीत. वारा त्यांना उभं राहू देत नाही, म्हणून सगळ्या रेघेच्या अलीकडे घिरट्या घालत असतात. शिट्टी वाजली की निघायचं. शिट्टीच्या आधी ज्याचं टोक रेघेपलीकडे गेलं, त्याच्यासाठी दुसरी शिट्टी, आणि त्यानं मुकाट्यानं मागे फिरून पुन्हा यायचं. चष्मेवाले खांबाला गाल लावून बघायचे आणि बावीस वर्षांत त्यांनी वीतभर पुढे गेलेल्यालाही सोडलं नव्हतं. सख्ख्या मेहुण्याला तर मुळीच नाही.

हा मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. धंद्यानं प्लंबर, होडी नंबर सात, शीड निळं. माणूस मोठा गमत्या. चष्मेवाल्यांच्या मते मात्र तो धांदरट होता, आणि हे मत त्यांनी लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलं होतं. मागच्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत त्यांच्या मताला बळकटी मिळाली. हंगामात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची ढाल मेहुण्याच्या हातात आल्यात जमा होती. नुसता तिसरा आला असता तरी पुरलं असतं. पण चष्मेवाल्यांनी शिट्टी फुंकली, "सात नंबर, परत!" असं भोंग्यातून ओरडले, मेहुणा बिचारा मागे फिरला आणि सहावा आला. ढाल गेली डॉक्टरीणबाईंकडे. या दातांच्या डॉक्टर, क्लबच्या सेक्रेटरी. त्यांचं शीडही निळंच, नंबर नऊ. पुढचे सहा महिने चष्मेवाल्यांनी घरात हा विषय लोणच्यासारखा पुरवून पुरवून वापरला.

आणि नव्या हंगामाच्या पहिल्याच बैठकीत त्याच मेहुण्यानं उठून सांगितलं की यंदा रेस ऑफिसरशिवाय शर्यती सुरू करून बघू या. दुसऱ्या एका क्लबात त्यानं ती पद्धत पाहिली होती. एका होडीनं ससा व्हायचं, पाळीपाळीनं. सशानं बोयापासून तिरकं, एका चालीनं, इकडेतिकडे न वळता निघायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्या शेपटीमागून जायचं. जो शेपटीमागून गेला त्याची शर्यत सुरू झाली. रेघ नाही, शिट्टी नाही, धक्क्यावर माणूस नाही. लवकर निघायची सोयच नाही, कारण ससा पुढे सरकल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. लोकांना गंमत वाटली. डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाल्या की चष्मेवाल्यांनीही आता जरा आराम करायला हवा. त्या नेहमी अशाच हसतात, आणि मग दाढ काढतात.

चष्मेवाले हसत हसत घरी आले आणि दार आपटून आत गेले.

पुढचे तीन रविवार घरात काय चाललं होतं ते विचारू नका. आपल्या पाठीत सुरा खुपसला कुणी, तर बायकोच्या भावानं, हे वाक्य दिवसातून चारदा व्हायचं. ढाल गेल्याचा राग त्यानं असा काढला. बावीस वर्षं उन्हात उभं राहिलो त्याचं हे फळ. ससा म्हणे! उद्या कासवही आणतील. बायको मटार सोलत ऐकून घ्यायची. तिचं मौन चष्मेवाल्यांना पाठिंब्यासारखं वाटायचं, एवढे ते भोळे होते.

चौथ्या रविवारी त्यांना राहवेना. ही पद्धत कशी फसते ते डोळ्यांनी बघू या म्हणून घडीची खुर्ची घेऊन ते बायकोसह काठावर जाऊन बसले. समोर एक होडी तिरकी निघाली आणि बाकीच्या तिच्या मागून एकेक सुटू लागल्या. अगदी सुरळीत चाललं होतं, आणि तेच चष्मेवाल्यांना सहन होत नव्हतं. ते एकदम ताठ झाले. म्हणाले, बघ, बघ, चार नंबर आता सशाला धडकणार, मी सांगत नव्हतो?

"चार नंबर आज पाण्यात नाही," बायको म्हणाली. "तिचं सुकाणू दुरुस्तीला गेलंय. ती शेडमध्ये उलटी पडलीय, आपण आत्ता तिच्या शेजारून आलो."

चष्मेवाले म्हणाले की पाण्यावर ऊन चमकतंय. आकाशात ढग होते. बायकोनं मान वर करून ढगांकडे पाहिलं.

घरी जाताना मात्र तिनं पाय दुकानाकडे वळवले. म्हणाली, सगळ्या गावाचे तपासता, आज तुमचे तपासू. चष्मेवाल्यांना हसू आलं. अगं, मी दर महिन्याला तपासतो, शेवटच्या ओळीपर्यंत घडघड वाचतो. मग वाचा, ती म्हणाली. शटर अर्धं खाली होतं, आत अंधारच होता. तिनं पेटीचा दिवा लावला, हे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, एका डोळ्यावर हात धरला आणि वरच्या अक्षरापासून सुरुवात केली. दुसरी ओळ, तिसरी ओळ, एक अडखळ नाही. पाचवी. सहावी. मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा त्यांनी ऐटीत संपवली, हात खाली घेतला आणि म्हणाले, "काय?"

बायकोच्या हातात पेटीचा प्लग होता.

"तिसऱ्या ओळीलाच काढला होता," ती म्हणाली.

तीस वर्षं गिऱ्हाइकांकडून रोज दहादा वदवून घेतलेली अक्षरं. ती त्यांना झोपेतही आली असती. चष्मेवाले त्या खुर्चीत बसूनच राहिले. अक्षरं म्हणायच्या नादात दिवा गेल्याचंही आपल्याला कळलं नाही, याचा त्यांना असा धक्का बसला की रागवायचंही सुचेना. बायकोनं एका कोऱ्या कागदावर जाड पेनानं नवी अक्षरं लिहिली, प्लग पुन्हा लावला आणि कागद पेटीवर धरला. त्यांना पहिली ओळ आली. दुसरीत त्यांनी अंदाज केला. तिसरी त्यांना दिसली नाही, आणि तसं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं ते ढालीचं. बायको आधी नाही नाही म्हणाली. शेवटी सांगितलं. त्या संध्याकाळी भाऊ तिच्याकडे येऊन गेला होता. शिट्टी वाजली तेव्हा तो रेघेच्या दोन होड्यांइतका मागे होता. पुढे गेल्या होत्या त्या डॉक्टरीणबाई. निळं शीड दोघांचंही. भावानं बहिणीला एवढंच विचारलं होतं, भाऊजींना हल्ली नीट दिसतं ना? आणि ससा त्यानं शोधून आणला तो त्यानंतर. क्लबात यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. डोळ्यांच्या माणसाला डोळे गेले म्हणून खाली उतरवायचं कसं, तर उभं राहायची जागाच काढून टाकू, असा त्याचा हिशेब.

चष्मेवाले त्या रात्री नीट जेवले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्यापुढे सोपी वाटही होती. कुणाला काही माहीत नव्हतं. चष्मेवाल्यांना दिसत नाही ही बातमी बाजारात फुटली, तर त्यांच्याकडे डोळे दाखवायला कोण येणार? आठवडाभर ते गप्प होते. गिऱ्हाइकं मात्र त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात पाठवली, बायकोला न सांगता. ज्या दुकानाला ते एरवी "काचा विकणारे" म्हणायचे, त्याच दुकानात.

रविवारी ते क्लबात गेले. होड्यांना शिडं चढत होती. चष्मेवाले धक्क्यावर आपल्या नेहमीच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले, तसे सगळ्यांचे हात दोऱ्यांवरच थांबले. आता हे भांडणार असंच सगळ्यांना वाटलं. मेहुण्यानं तर कपाळाला हात लावला.

"मागच्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत सात नंबर मागे होता," चष्मेवाले म्हणाले. आवाज भोंग्याशिवायही सगळीकडे पोचला. "पुढे नऊ होता. मला दिसलं नाही. मला वर्षभर धड दिसतच नाहीये. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल सांगितलं. ढाल याची आहे."

मेहुणा पुढे येऊन हळूच म्हणाला, भाऊजी, राहू द्या ना. डॉक्टरीणबाई पायातला बूट हातात घेऊन उभ्या होत्या. "म्हणजे पुढे गेली होती ती मी?" त्यांनी विचारलं. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. "आणि ती ढाल मी माझ्या दवाखान्यात लावलीय," बाई म्हणाल्या, "पेशंटला खुर्चीतून दिसेल अशी." मग त्या खूप हसल्या, आणि हसता हसता लालबुंद झाल्या. ढाल उद्याच काढते म्हणाल्या.

पण चष्मेवाल्यांचं समाधान झालं नव्हतं. एक गोष्ट त्यांना आठवडाभर कुरतडत होती. मेहुण्याला बाजूला घेऊन त्यांनी जवळजवळ दटावलंच. अरे, तुला माहीत होतं ना तू मागे आहेस? ढाल समोर होती. मग गाढवासारखा फिरलास कशाला? तसाच पुढे गेला असतास, शर्यतीनंतर माझ्याशी भांडला असतास!

मेहुणा शिडाची दोरी ओढत होता. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, पण चष्मेवाले हलेनात.

"मी पुढे गेलो असतो," तो म्हणाला, "तर सगळ्यांनी वळून तुमच्याकडे पाहिलं असतं. मी फिरलो, म्हणून माझ्याकडे पाहिलं."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. पुसून झाला तरी तो त्यांना घालता येईना. याच माणसाला आपण इतकी वर्षं धांदरट म्हणत होतो, हे त्यांना आठवलं, आणि ते तिथंच, सगळ्यांसमोर रडले. मेहुणा घाबरला. त्याला गळके नळ समजायचे, हे त्याच्या हाताबाहेरचं होतं. त्यानं एक लाइफ जॅकेट आणलं आणि भाऊजींच्या गळ्यात अडकवलं.

बावीस वर्षांत चष्मेवाले एकदाही होडीत बसले नव्हते. त्यांना उतरवायला दोघं लागले, होडी दोनदा कलंडता कलंडता वाचली आणि बसल्या बसल्या त्यांनी मेहुण्याला चार सूचना केल्या. मेहुण्यानं त्यातली एकही ऐकली नाही. त्या रविवारी सशाची पाळी सात नंबरची होती. ती बोयापासून तिरकी निघाली, आणि बाकी सगळ्या होड्या त्या दोघांच्या मागून एकेक करून गेल्या.