प्लेगच्या दवाखान्यावरचा माग
कळीचा चुना भिजवताना वाफ उठते, तिच्या वासाबरोबर मला शहापूरबाहेरचा प्लेगचा दवाखाना आठवतो. साथ सरल्यावर तो उठला, पत्र्याच्या शेडी मोडल्या आणि ती जागा विणकरांना घरं बांधायला मिळणार असं जाहीर झालं. भीतीनं कुणी पुढं आलं नाही. अर्ज एकच गेला, माझ्या विधवा आईचा. आमचा माग चुलत्यांनी सुटा करून माळ्यावर टाकला होता आणि आई दिवसभर त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पावसाळ्याआधी घर उभं राहिलं नाही, तर जागा परत जाणार होती. भिंती झाल्या, पण विणकर पाय सोडून बसतो तो मागाचा खड्डा खणताना दवाखान्यात टाकलेल्या चुन्याचा पांढरा थर लागला आणि गडी "खाली प्रेतं हाईत" म्हणत कुदळी टाकून पळाले. चुलते रस्त्यावरूनच ओरडले, "वैनी, आमचा अण्णा बी हितंच गेला, इसरलासा व्हय?" अण्णा म्हणजे माझे वडील. आई म्हणाली, "न्हाय इसरले, भावजी. म्हणूनच हितं पयला हक्क माझा." पदर खोचून ती खड्ड्यात उतरली आणि मला म्हणाली, "ये गं खाली. चुनाच हाय, भूत न्हाय." दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघींनी खड्डा पुरा केला आणि आठवड्यात त्यावर माग बसला. आमचं बघून मागोमाग तिथं विणकरांच्या घरांची ओळ उभी राहिली. आता त्याच ओळीत घर मिळावं म्हणून चुलत्यांची मुलं, पहिलं घर आमचं म्हणून, माझ्याकडे शब्द टाकायला येतात. मी आधी त्यांच्यापुढे ह्याच जागेतल्या आडाच्या पाण्याचा तांब्या ठेवते. जो पीत नाही, त्याला उठवून लावते.