सगुणाबाईची शेकोटी

सायखेड्याच्या सगुणाबाईशी भांडायला गावात सहसा कोणी जात नसे. ती मुळात तशी नव्हती. नवरा पुंजा साप चावून गेला, त्याचा महिनाही झाला नव्हता, तर थोरला दीर कोंडाजीनं तिची भांडी अंगणात फेकली. "पोर ना बाळ, तुझं हितं काय हाय?" म्हणाला. भांडी घरातून काढून त्याच्या हातात देत होती त्याची बायको, नवसाबाई.

सगुणाबाईनं मळ्याच्या उंचवट्यावर झोपडी घातली आणि पुंजाच्या वाट्याच्या तुकड्यात झेंडू लावला. पहाटेच्या गाडीनं फुलं नाशिकला नेऊन विकू लागली. कोंडाजी कधी तिचं पाणी तोडी, कधी पिकात गुरं सोडी. तीही बांधावर उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरी. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी गावात शिरलं. दुपारीच अंधारून आलं होतं, वारा पत्रे उचकटत होता. सगुणाबाईनं दार लावून घमेल्यात तुरीच्या वाळक्या काटक्या पेटवल्या. निखाऱ्यावर मक्याचं कणीस ठेवलं, पाय पसरले. बाहेर जग बुडत होतं आणि तिच्या तळपायांना ऊब लागत होती. बऱ्याच वर्षांत तिला इतकं निवांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. कोंडाजी आणि नवसाबाई, दोघं नखशिखांत भिजलेली.

"घरात कमरेएवढं पाणी हाय," कोंडाजी म्हणाला.

"मग मी काय करू? नदीला सांगा."

ती दार लोटणारच होती. पण नवसाबाईचे ओठ काळेनिळे पडले होते, दातावर दात आपटत होते. सगुणाबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं, कोरडं लुगडं अंगावर फेकलं. दिराला म्हणाली, "तुम्हीबी या. पण तोंड उघडायचं नाय."

कोंडाजी विस्तवाशी बसला. धोतरातून वाफा निघू लागल्या, थरथर थांबली. कणीसही त्यानंच उचललं. दोन घास पोटात गेल्यावर त्यानं आढ्याकडे नजर टाकली.

"झोपडी झ्याक बांधलीस. पाऊस उघडला की मोडून घे. हा तुकडा मला गुरांच्या गोठ्याला लागतोय."

सगुणाबाईनं घमेल्यातली पेटती काटकी उचलली.

"उठा, भाऊजी."

"अगं, गंमत..."

"मिशा जाळीन. उठा!"

जाळ गालाशी आला तसा तो धडपडत दारात गेला. तिथून बायकोवर ओरडला, "चल गं!"

नवसाबाई हलली नाही. तळवे विस्तवावर धरून म्हणाली, "मी नाय येत. जा तुम्ही."

शिव्या देत तो पावसात निघून गेला आणि शाळेच्या ओसरीवर जाऊन बसला. पूरग्रस्तांनी भरलेल्या त्या ओसरीवर सगळ्यांनी विचारलं, बायको कुठंय? तो धोतर पिळत बसला, पण दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की ती सगुणाबाईच्या शेकोटीपाशीच राहिली.

इकडे सगुणाबाईनं दार लावून घेतलं.

"राह्यलीस म्हणून माझी झाली नायस," सगुणाबाई म्हणाली. "भांडी तूच काढून दिली हुतीस."

"दिली हुती," नवसाबाई म्हणाली आणि विस्तवात एक काटकी सारली.

पाणी ओसरल्यावर ती घरी गेली. जावाजावा पुढेही कधी बोलल्या नाहीत. लग्नकार्यात समोर आल्या की सगुणाबाई तोंड फिरवी. कोंडाजीनं मात्र त्या तुकड्याचं नाव परत काढलं नाही. काढायचं म्हटलं, की पारावरची माणसं आधी हसायची.