पितळी घंटा, एक नग

देवावर डोळे मिटून विश्वास ठेवील, पण भांडं वाजवून पाहिल्याशिवाय त्यावर ठेवणार नाही, असा माणूस साऱ्या नंदुरबार जिल्ह्यात एकच: आमच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर आप्पा. मूळचे ब्राह्मणपुरीचे, नोकरी धडगावच्या डोंगरात, खिशात कायम चुंबक. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते आहेराची ताटं टिचकी मारून ऐकत. भर उन्हात जीपच्या दाराशी कधी बसत नसत. "लोखंड लगेच तपस, सर," म्हणत मला तिकडे सरकवत. मुख्याध्यापकांच्या पत्नीने कौतुकाने नवे चांदीचे पैंजण दाखवले, तर म्हणाले, "वर बर्फ ठेवा, वहिनी. खरी चांदी व्हई तर लगेच पिघळी." बर्फ बराच वेळ टिकला आणि पुढचा आठवडाभर मुख्याध्यापक डब्याशिवाय शाळेत आले. जीव होता तो पेन्सिलीतल्या शिशावर, म्हणजे ग्रॅफाइटवर. तसं ते अधातू, तरी त्यातून वीज जाते. विज्ञानाचा मास्तर मी, पण प्रयोग सगळे आप्पाच करून दाखवत, त्यामुळे "हाई मन्हासारखं शे, सर. नाव अधातूमा, काम धातूनं," असं ते म्हणाले की मी घाईघाईने फळा पुसायला घेई.

शाळेची जुनी घंटा तडकली आणि वरून नवी आली. कागदावर 'पितळी घंटा, एक नग'. एक साहेब हार घालायला आले. त्यांनी टोला दिला, आवाज आला 'ठक्'. आप्पांनी पुढे होऊन चुंबक लावलं, ते चिकटलं. सोनेरी रंग मारलेला लोखंडी पत्रा!

"अहो, कागदावर पितळ लिहिलंय," साहेब म्हणाले.

"साहेब, चुंबकले वाचता येत नही."

पोरं हसली. साहेब हसले नाहीत. आठवड्यात पत्र आलं: शालेय चुंबकाचा गैरवापर, खुलासा करावा, आणि घंटा पितळीच असल्याचं लिहून द्यावं. आप्पांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं, पेन्शन अडण्याची भीती. मुख्याध्यापकांनी हात जोडले. आप्पांनी दिवसभर विचार केला आणि लिहिलं, 'घंटा मिळाली. रंग पितळेसारखा आहे.' पितळ हा शब्द दिसला, तेवढ्यावर वरच्यांचं समाधान झालं. प्रकरण मिटलं.

मिटलं नाही ते दरीपलीकडच्या पाड्याचं. तिथली पोरं घंटा ऐकून निघत. 'ठक्' दरी ओलांडेना. पोरं उशिरा येऊ लागली, हजेरीत गैरहजर पडू लागली. मग आप्पा रोज सकाळी टेकडीवर चढून एकेकाचं नाव घेऊन हाक मारू लागले. पलीकडून "ओऽ" आलं की पुढचं नाव. गुडघे कुरकुरत, पण वर्षभर खाडा नाही.

निवृत्तीच्या दिवशीही ते टेकडीवर गेले. पाड्यावरची पोरं निरोपाची फुलं घेऊन पहाटेच येऊन वर्गात लपून बसली होती. मी आप्पांना आणायला वर गेलो. ते रिकाम्या पाड्याकडे तोंड करून तिसऱ्यांदा पहिल्या नावापासून सुरू करत होते. मला पाहून थांबले, चेहरा अगदी उतरलेला.

"आज कोनीच ओ देत नही, सर."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही हळूहळू उतरू लागलो.