अर्ध्या डुकराची फी

एपारामाच्या मयताला त्याच्या स्वतःच्या मळ्यातला यांगोना नव्हता. आमच्या कंदावू बेटावर ही लाजिरवाणी गोष्ट. पन्नाशी उलटली की पुरुषाने डोंगराच्या उतारावर यांगोनाची थोडी झाडं लावायची आणि त्यांना हात लावायचा नाही. आपण गेल्यावर माणसं जमतील, चटईवर बसून राहतील, तेव्हा त्यांच्या करवंटीत आपल्याच मुळांचं पेय असावं, एवढीच त्यातली हौस. एपारामाने झाडं लावली होती, पोटच्या पोरासारखी जपलीही होती. तरी आम्ही त्या दिवशी इतरांच्या मुळांचं प्यालो, आणि कोणीही नाक मुरडलं नाही.

मी त्याचा तवाले, म्हणजे त्याच्या आत्याचा मुलगा. तवालेंनी एकमेकांची टर उडवायची हा आमच्यातला रिवाज. सरळ बोललं तर समोरचा विचारतो, तब्येत बरी आहे ना? जन्मभर आम्ही एकमेकांशी वाकडंच बोललो. तेव्हा मी सांगतो त्यातलं थोडं मीठ-मसाला म्हणून बाजूला काढावं, बाकीचं खरं आहे.

एपारामा आमच्या गावाचं तोंड होता. प्रमुख स्वतः बोलत नाहीत; त्यांच्या वतीने बोलायला एक घराणं असतं, ते त्याचं. गावातून बाहेर काहीही जायचं असो, डुक्कर, चटया, रॉकेलचं पिंप, लग्नात द्यायचा देवमाशाचा दात, ते एपारामाच्या बोलण्यावाचून जात नसे. इस्त्रीचा सुलू, म्हणजे आमची लुंगी, नेसून तो मांडी घालून बसे, वस्तू पुढ्यात ठेवी आणि खर्जातल्या आवाजात बोले. घेणारे त्याच थाटात उत्तर देत आणि हात पोकळ करून टाळ्या वाजवत. टाळी वाजली की व्यवहार संपला. त्यानंतर कोणी मोजत नाही, चटई उलटून पाहत नाही, पावती मागणं तर दूरच. त्याचं भाषण ऐकून डुकरालासुद्धा आपण मोठ्या घरी चाललोय असं वाटतं, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "तुला कोणी न्यायला आलं तर मी मुकाच राहीन, दुकानदार." गावातलं सहकारी दुकान मी चालवतो.

बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जीव होता तो बहिणीच्या मुलीवर, केलेरावर; ती त्याला मोमो, म्हणजे मामा, म्हणायची. आमच्यात भाचीचा मामाच्या गावावर हक्क असतो. ती मागेल ते नाकारायचं नसतं. केलेराने लहानपणापासून काही मागितलं नाही. मागितलं ते एकदम राजधानीतलं, सुवाचं विद्यापीठ. नर्सिंगला तिला प्रवेश मिळाला होता. सरकारी मदतीची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

फीचा कागद चर्चच्या सभागृहात वाचला. वाचत होती केलेरा, ऐकत होता सगळा गाव. प्रत्येक विषयाची फी वेगळी, वर सगळ्या विद्यार्थ्यांना सारखी असलेली एक फी, आणि खाली शेवटची तारीख. त्या तारखेपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर नाव कमी.

"विषयाला विषय पैसे?" एपारामाने विचारलं. "मग कमी विषय घे."

"मोमो, विषय सोडला तर नर्सही अर्धीच होईन."

"आणि नापास झालीस तर?"

"त्या विषयाचे पैसे पुन्हा."

"मग नापास होऊ नकोस," मागून कोणीतरी ओरडलं, आणि सभागृह हसलं.

केलेराने आणखी एक गोष्ट सांगितली. सगळे पैसे एकदम भरायला नकोत. अर्ज केला तर निम्मे आता आणि निम्मे सत्राच्या मध्यावर चालतात. तिने हे दोनदा सांगितलं. गावप्रमुखांनी एपारामाकडे पाहिलं आणि तो उठला.

"अर्धं डुक्कर घेऊन कोणी कधी लग्नाला गेलंय का? पुढचे पाय आज घ्या, मागचे नंतर आणतो, असं सांगू मी? या गावाने अर्धी वस्तू कधी दिलेली नाही."

विषय तिथेच संपला. बायकांनी चटया विकल्या, पुरुषांनी सुकवलेला यांगोना विकला, चर्चच्या गायनमंडळाने नव्या गणवेशाचे जमवलेले पैसे दिले. नोटा पिठाच्या पांढऱ्या पिशवीत बांधून गावाने त्या एपारामाच्या हाती सोपवल्या. केलेरा आधीच्या बोटीने पुढे गेली होती. जाताना तिने त्याला चिठ्ठी दिली होती: बँकेचं नाव, विद्यापीठाच्या खात्याचा क्रमांक आणि तिचा स्वतःचा विद्यार्थी क्रमांक.

"मोमो, या नंबराशिवाय पैसे गेले तर ते कोणाचेच नसतात. आणि बँकेतच भरा."

"बरं," एपारामा म्हणाला. मामाला याहून जास्त सांगणं भाचीला शोभत नाही, म्हणून तीही गप्प बसली.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. तो बँकेत गेलाच नाही. देणगी घेणाऱ्याच्या दारात द्यायची, वाटेत तिसऱ्याकडे नाही, हे त्याच्या रक्तात होतं. तो थेट विद्यापीठाच्या फीच्या खिडकीशी गेला. काचेमागे एक मुलगी होती. त्याने पिशवी पुढे केली आणि गावाचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली.

"काका, इथे रोख घेत नाही आम्ही," मुलगी म्हणाली. "बँकेत भरा आणि पावती जपून ठेवा. पुढे कोण आहे?"

ती बिचारी नियमाने बोलली. तिच्यापुढे रांग होती. पण एपारामाच्या पुढ्यातली वस्तू आयुष्यात कोणी परत सारली नव्हती. तो बाहेर येऊन झाडाखाली बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले असणार.

तिथे त्याला तो माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्र, अंगात फुलाफुलांचा सदरा, तोंडी कंदावूची बोली. नाव पेनी. "त्या पोरींना काय कळतंय आपल्या रीतीभाती?" तो म्हणाला. "बेटावरच्या लोकांची रोख मीच आत पोचवतो." मग त्याने जे केलं ते कुठल्याही ओळखपत्राहून भारी होतं. तो जमिनीवर मांडी घालून बसला, मान खाली घातली आणि वाट पाहू लागला.

एपारामा बोलला. चांगला बोलला असणार. गावाचं नाव, प्रमुखांचं नाव, चटया विणणाऱ्या बायका, सगळं आलं. पेनीने पिशवीला हात लावला, आमच्या आजोबांच्या तोंडी शोभतील अशा शब्दांत उत्तर दिलं आणि पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. खोल आणि एका लयीत.

"त्याच्या टाळ्या कशा होत्या सांगू?" एपारामा मला म्हणाला होता. "तुझ्या बापाच्या टाळ्यांसारख्या."

परत आल्यावर त्याने सभागृहात देणगी पोचल्याचं जाहीर केलं. केलेराला निरोप गेला की पैसे विद्यापीठात पोचले. पावतीचं त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही. टाळीनंतर पावती विचारणं म्हणजे माणसाला चोर म्हणणं.

केलेराने आठवडाभर वाट पाहिली. तिच्या फीच्या पानावर बाकी होती तेवढीच. पैसे चढायला वेळ लागत असेल म्हणून ती थांबली, मग खिडकीशी गेली, आणि तिथून तिने मला फोन केला. तो मी दुकानामागच्या टेकडीवर जाऊन घेतला, कारण गावात तिथेच आवाज पोचतो.

"थांब, तुझ्या मोमोला बोलावतो," मी म्हणालो.

"नको. आधी तुम्हीच ऐका," ती म्हणाली. "खिडकीवर कळलं, बाहेर एक भामटा बेटावरच्या लोकांकडून रोख घेतो. झाडाखाली पैसे घेणारा त्यांचा कोणीच नाही. अजून दोन गावांचे गेलेत. शुक्रवारी माझं नाव कमी करतायत."

ती रडत नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पोलिसांत तक्रार तिनेच नोंदवली होती. पेनी आजतागायत सापडलेला नाही.

मी एपारामाला सांगितलं तेव्हा तो बागेत कसावा लावत होता. त्याने ऐकलं, फावडं धुतलं, भिंतीला टेकून ठेवलं. मी टर उडवायला तोंड उघडलं होतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं काहीतरी जिभेवर होतं. ते मी गिळलं.

त्या संध्याकाळी तो देवमाशाचा दात घेऊन प्रमुखांपुढे गुडघ्यांवर गेला. गावाचे पैसे माझ्या तोंडाने गेले, एवढंच बोलला. जन्मभर लांबलचक बोलणाऱ्या माणसाचं ते सगळ्यांत छोटं भाषण. प्रमुखांनी दात स्वीकारला. म्हणजे क्षमा झाली. पण क्षमेने फी भरत नाही, आणि गावाकडे आता विकायला चटई उरली नव्हती.

तांबडं फुटल्यावर मला कुदळीचे आवाज आले. वर जाऊन पाहिलं तर एपारामा उतारावर आपली झाडं उपटत होता. मयतासाठी ठेवलेली. मुळं मनगटाएवढी जाड, मातीने माखलेली.

"काय रे," मी म्हणालो, "मरायचा बेत रद्द?"

"पुढे ढकललाय. पोतं धर."

"तुझ्या मयताला काय पिणार मग? पाणी?"

"तुझ्या दुकानातला चहा पाजा. तोही पाण्यासारखाच असतो."

मी पोतं धरलं. सगळी मुळं निघाली तेव्हा उतारावर नुसते खड्डे राहिले. त्याने कुदळ खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "यात सगळी फी निघेल?"

"निम्मी निघेल. फार तर."

बोटीवर पोती चढवताना त्याने मला सांगितलं, "केलेराला फोन कर. त्या अर्ध्या-अर्ध्याचा अर्ज भर म्हणावं."

मी केला. पलीकडून ती म्हणाली, "अर्ज मी कधीच भरलाय. पहिला हप्ता शुक्रवारच्या आत आला तर नाव राहील, असं फीच्या खिडकीवर म्हणाल्या. मोमोंना सांगितलं नव्हतं, ते रागावतील म्हणून."

मीही त्याच्याबरोबर गेलो. सुवाच्या बाजारात ओली मुळं व्यापाऱ्याने तोलून घेतली. आम्ही तिथून सरळ बँकेत गेलो. रांगेत एपारामा केलेराच्या चिठ्ठीवरचा घाम पुसत होता. खिडकीशी आल्यावर त्याने विद्यापीठाचं नाव वाचलं, खातं वाचलं, केलेराचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून वाचला आणि बँकेतल्या पोराला म्हणाला, "आता तू वाच." पोराने वाचला. एपारामाने पावती घेऊन तोच क्रमांक तिसऱ्यांदा पडताळला. मागची रांग कुरकुरली.

"गावाचं तोंड आहे ते," मी त्यांना म्हणालो. "आता वाचायलाही लागलंय." एपारामाने पावतीची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुवाच्या नाबुआ वस्तीत एका नातेवाइकाच्या पडवीत चटईवर बसलो होतो. गुरुवार होता. केलेरा विद्यापीठातून आली, चपला काढून वाकून आत आली आणि तिने फोन मोमोपुढे चटईवर ठेवला. पडद्यावर तिचं नाव होतं, क्रमांक होता, आणि बाकी निम्मी झाली होती. नावापुढे लिहिलं होतं: प्रवेश कायम.

"पोचले, मोमो," ती म्हणाली.

एपारामाने फोनकडे पाहिलं. मग सुलू सावरला, मांडी नीट घातली, पाठ ताठ केली आणि थांबला. तो कशासाठी थांबलाय ते मला कळलं. देणारा तो होता, घेणारं विद्यापीठ. आणि विद्यापीठाला हात नव्हते.

जन्मात पहिल्यांदा मला त्याची टर उडवावीशी वाटली नाही. मी पुढे सरकलो, मान खाली घातली, हात पोकळ केले आणि विद्यापीठाच्या वतीने टाळ्या वाजवल्या. माझ्या बापाला जमायच्या तशा मला कधीच जमल्या नाहीत, पण जोर लावून वाजवल्या. केलेरा तोंडावर हात धरून बसली होती.

एपारामाचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "हळू वाजव, दुकानदार. अर्धं डुक्कर अजून घरीच आहे."