जुबेदाच्या हिरड्यांचा रिपोर्ट

गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एका डेंटल कॉलेजच्या खिडकीवर आम्हाला सांगण्यात आलं की रिपोर्ट पेशंटला द्यायचा नसतो.

परवा पेशंटच गेली.

जुबेदा. आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत ब्लाउज शिवायची. माझे सगळे तिनेच शिवले. माप घेताना दरवेळी ऐकवायची, "कॉन्व्हेंटात पाठ ताठ ठेवायला शिकवलं वैनी, श्वास सोडायला न्हाय शिकवलं व्हय?"

दोरा ती दातानं तोडायची. कात्री शेजारी पडलेली असली तरी.

मग खालचे पुढचे दात हलायला लागले. कात्री हातात आली आणि बाईचा चेहराच उतरला.

मीच तिला त्या कॉलेजात नेलं. तिथे हिरड्यांवर रिसर्च चालला होता. दात आणि हिरडी यांच्या फटीत कागदाची बारीक पट्टी धरायची, तिच्यावर येणारा ओलावा लॅबमध्ये पाठवायचा. हिरडीला आतून सूज असेल तर त्यात काही प्रोटीन्स वाढलेली सापडतात.

एक तरुण डॉक्टरीण होती, गोड मुलगी. तिने विचारलं, तंबाखू खाता का?

जुबेदा ठसक्यात नाही म्हणाली.

परतताना रिक्षात बसल्याबसल्या तिने पर्समधून मशेरीची डबी काढली. मी ओरडलेच. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच ना!

"तंबाखू गडी माणसं खात्यात वैनी. ही दात घासायची हाय."

दुसऱ्या दिवशी तिला धरून परत नेलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती मुलगी रागावली नाही. म्हणाली, चूक आमच्या प्रश्नाची आहे, मशेरी असं स्पष्ट विचारायला हवं होतं. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्या वरून बऱ्या दिसतात. आत काय चाललंय ते ही प्रोटीन्स सांगतील. मशेरी सोडा, काही महिन्यांनी परत पट्टी लावू, दोन्ही ताडून बघू.

आणि जुबेदाने सोडली हो. लहानपणापासूनची सवय!

तोंडात लवंग धरायची आणि सगळ्या गल्लीवर खेकसायची. एकदा माझा ब्लाउज एका बाहीचाच शिवून पाठवला. मी तो गुपचूप कपाटात ठेवला. बोलायची हिंमत नव्हती.

गल्लीतल्या मशेरीवाल्या बायका लांबून बघत होत्या. जुबेदाचं काय होतंय ते कळलं की आपण ठरवू, असं त्यांचं चाललं होतं.

दुसरी पट्टी लागली. मग त्या मुलीचा कोर्स संपला, ती गावी गेली.

राहिली ती खिडकी.

त्या खिडकीतला गृहस्थ म्हणाला, "मावशी, ते रिसर्चसाठी असतं. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जुबेदाने माझा हात दाबला. तीच बोलली. अगदी शांतपणे.

"कळंल की. वाढलं का कमी झालं, एवढंच सांगा."

त्याने खिडकी लावून घेतली.

बुधवारी सकाळी ती मशीनवर बसलेली असतानाच गेली. हार्ट. हिरड्यांमुळे गेली असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही आणि उगाच आरोप करायची मला सवय नाही.

पण कॉलेजवाल्यांनो, तिने तुम्हाला दोनदा तोंड उघडून दिलं. तुमच्या शब्दावर मशेरी सोडली. बदल्यात एक शब्द मागितला होता.

जुबेदा, तुझ्यासारखं फिटिंग आता कुणाला जमायचं नाही. शांत झोप गं.

आणि कॉलेजच्या त्या विभागाच्या प्रमुखांना, हे तुमच्यापर्यंत पोचेलच: तिची दोन्ही वेळची प्रोटीन्स शोधा. वाढली की कमी झाली, ते तिच्या मुलीला, शबानाला, लेखी कळवा. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

मराठीत. आणि वर पेशंट नंबर नको, जुबेदाचं नाव लिहा.